चौथी चौकट

गेरोल्फची पानं सोमवारी येतात,
पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांत घट्ट बांधलेली,
सुतळीला एकच गाठ, एका झटक्यात सुटणारी.
माझं काम अक्षरांचं.
त्यानं रिकामे सोडलेले फुगे मी भरते:
ससा बोलतो, शेतकरी बोलतो,
बिटाच्या ढिगावर बसून शेतकऱ्याची बायको शिव्या देते.
पानाला चाळीस युरो. कॉफी माझी मी करून पिते.

त्याआधी सत्तावीस वर्षं तो फौजेत होता,
बॉम्ब निकामी करणाऱ्या पथकात.
ईपरच्या बाजूला अजून
शंभर वर्षांपूर्वीचे तोफगोळे वर येतात,
दर नांगरटीला, बटाट्यांबरोबर, बटाट्यांच्याच रंगाचे.
शेतकरी उचलतो, विजेच्या खांबापाशी ठेवतो,
फोन करतो आणि जेवायला जातो.
मग गेरोल्फची गाडी यायची,
मागे वाळूच्या पेट्या,
पुढे थर्मास, आणि ओडिलोन, जो गाताना बेसूर असायचा.

नोंदवहीत प्रत्येक गोळ्याचं चित्र काढावं लागे.
लांबी, व्यास, गंज कुठवर चढलाय, टोपी शाबूत आहे का.
कॅप्टन एकदा वैतागला:
हा अहवाल आहे, सार्जंट, याला सावली कशाला?
गेरोल्फनं सावली काढणं थांबवलं.
समासात मात्र एक ससा बसायला लागला,
डावा कान अर्धा,
बांधावरून सगळं बघणारा.
ससा समासात होता म्हणून
त्याच्याबद्दल कुणी विचारलं नाही.

घाबरायचास का, मी विचारलं होतं.
म्हणाला, त्याच्याशी हळू बोलायचो.
काय?
काहीही. पावसाबद्दल. गुडघ्याबद्दल.
त्याचाही गुडघा दुखत असणार, इतकी वर्षं एकाच कुशीवर.

या सोमवारी पान सत्तेचाळीस आलं.
पहिल्या चौकटीत ससा माती उकरतो.
दुसरीत त्याच्या पंजाला काहीतरी गोल लागतं.
तिसरीत त्याचा मित्र, जाडा साळिंदर,
म्हणतो (हे मी लिहायचं): तू हो मागे, मी बघतो.
चौथी पांढरी.
रेघ आहे चारी बाजूंनी, सरळ, पट्टी न लावता ओढलेली.
आत काही नाही.

मला वाटलं, ही माझ्यासाठी सोडली.
स्फोटाचे आवाज मी झकास काढते,
गावात त्यासाठीच माझं नाव आहे:
पहिलं अक्षर फुगलेलं, शेवटच्याला भेग,
भोवती पिवळ्या काट्यांचं वर्तुळ.
पेन्सिलनं आखूनही ठेवलं.
मग फोन केला, धडाम केवढा हवा?

पलीकडे नळ वाहत होता. त्यानं तो बंद केला.
म्हणाला, आवाज आला म्हणजे आपण लांब होतो.
मी गाडीत होतो.
थर्मासचं झाकण माझ्या हातात होतं.

मी खोडरबर घेतला.
कागदावर खोल दाबलं होतं, पूर्ण जात नव्हतं.
कडेला बारीक लिहिलं: कोरीच छापावी.
ब्रुसेल्सहून दोनदा विचारणा झाली,
शाई गळली का? पान राहिलं का?
दोनदा तेच उत्तर पाठवलं.

वसंतात पुस्तक आलं.
कोर्त्रेकच्या वाचनालयात तो टेबलामागे बसला,
इस्त्रीचा शर्ट, बूट आरशासारखे,
डावा तळवा कागदावर सपाट ठेवून सह्या करत.
सेप्पे नावाचा सात वर्षांचा मुलगा
स्वतःची प्रत उघडून उभा राहिला.
पान सत्तेचाळीस.
चौथ्या चौकटीत त्यानं रंगीत खडूनं
एक गाय काढली होती, जांभळी, सहा पायांची,
रेघेबाहेर शेपूट.

माझ्या पोटात गोळा आला.
गेरोल्फ बराच वेळ बघत राहिला,
चष्मा काढला, पुन्हा लावला.
कुठून आली ही?
कुंपणातून, सेप्पे म्हणाला. फट होती.
कधी?
ते दोघं खणत होते ना, तेव्हाच.
गेरोल्फनं मान हलवली,
खिशातून पेन्सिल काढून
गायीशेजारी बारीक अक्षरांत तारीख घातली,
आणि सवयीनं लांबी मोजली.
साडेतीन सेंटिमीटर. शेपूट धरून पाच.